डॉक्टरबाईंची दोन बोटं

कानाच्या डॉक्टरांनी माझे दोन्ही कान तपासले आणि त्यांत काही दोष नाही असं सांगितलं, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. दोष निघावा म्हणूनच तर मी गेलो होतो. निघाला असता तर थेंब मिळाले असते, गोळ्या मिळाल्या असत्या, फार तर ऑपरेशन झालं असतं आणि मी परत माझ्या जागेवर जाऊन बसलो असतो.

माझी जागा म्हणजे मिरजेतल्या एका तंबोरे बनवणाऱ्या कारखान्यातली, खिडकीजवळची. वडील रेल्वेत होते. त्यांच्यासारखं मीही रेल्वेत चिकटावं असं घरात सगळ्यांना वाटायचं, पण मला लाकडाचा नाद लागला आणि मी त्या कारखान्यात गेलो तो तिथलाच झालो. आधी भोपळे साफ केले, मग पॉलिश केलं, मग जोडकाम शिकलो. पुढं मालकांनी मला जवारीला बसवलं. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा कानशीनं अगदी हलका घासत जायचं. तार छेडली की ती घोडीला नुसती चाटून गेली पाहिजे आणि सुरातून एक गुंजारव उठला पाहिजे. तो गुंजारव म्हणजे जवारी. जास्त घासलं तर सूर फाटतो, कमी घासलं तर मुका राहतो. मोजायला कसली पट्टी नाही, सगळं कानावर. कारखान्यात हे काम मालक आणि मी, असे दोघंच करायचो. मालकांचं वय झालं होतं, त्यामुळं खरं तर मी एकटाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. थंडी सरता सरता मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन साताऱ्याला अक्काकडं गेलो होतो. अक्का माझी थोरली बहीण. दाजी, म्हणजे तिचे मिस्टर, तिथल्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करायचे. अंगानं भरलेले, मोठ्यानं हसणारे आणि पोरांत पोर होणारे. आम्ही गेलो की रविवारी ते कुठल्या ना कुठल्या डोंगरावर न्यायचेच. त्या रविवारी साताऱ्याजवळच्या एका गडावर गेलो. दाजी, अक्का, मी, माझी मुलगी आणि तिच्याच वयाची अक्काची मुलगी.

वर एक लहान देऊळ होतं. त्याच्या ओसरीवर बसून आम्ही भाकरी खाल्ली. पाणी संपलं म्हणून दाजी बाटल्या घेऊन खाली टाक्याकडं गेले. तेवढ्यात पलीकडच्या बुरुजाखाली कुणीतरी चूल पेटवली असावी. धूर आला आणि मागोमाग घुमणारा आवाज आला. कड्याला आग्यामोहोळ होतं, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. माश्या नुसत्या उडत नाहीत, त्या कोसळतात. मी एका हातानं एक मुलगी उचलली, अक्कानं दुसरी, आणि आम्ही देवळात शिरलो. मी दार ओढलं आणि कडी घातली.

मग दाजींनी दारावर थापा मारल्या.

त्यानंतरचं मला फक्त एवढंच आठवायचं: दाजी देवळातल्या फरशीवर आडवे आहेत, चेहरा ओळखू येत नाही इतका सुजलाय आणि अक्का पदरानं त्यांच्या मानेवरच्या माश्या ओढून काढतेय. गडाखाली आणेपर्यंत ते बोलत होते. संध्याकाळी दवाखान्यात वारले.

थापा आणि फरशी या दोन गोष्टींच्या मधलं मला काही आठवत नव्हतं. ते मी माझ्या मनानं भरून काढलं. मी कडी घालून उभा राहिलो, दाजी बाहेर थापा मारत राहिले आणि नंतर कुणीतरी त्यांना आत आणलं. माझ्यापुरतं हे नक्की झालं होतं. दिवसकार्याला मी मांडवाच्या मागच्या बाजूला बसलो. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही, मी तिच्याकडं बघितलं नाही. त्यानंतर मी साताऱ्याला गेलो नाही. राखी पोस्टानंही आली नाही. भाऊबीजेला मी कामाचं निमित्त केलं, तिनंही बोलावलं नव्हतं.

कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तंबोरा जवारीला आला. मी नेहमीसारखा बसलो. तीन-चारदा कानस फिरवली, तार छेडली, पुन्हा घासलं. मग सूर खुलला, आणि पुढं मला कळलं ते इतकंच की मी गल्लीच्या टोकाला उभा आहे, हातात कानस आहे, सदरा घामानं भिजलाय आणि पानवाला विचारतोय, "काय झालं हो?"

मालकांनी मला पाणी दिलं. आठवडाभर थांबलो आणि परत बसलो. परत तेच. जवारी नसलेली तार मला काही करायची नाही. सूर खुलला की मात्र छातीत काहीतरी धावत सुटायचं, हात थंड पडायचे आणि मानेवर काहीतरी चालतंय असं वाटायचं. घरी मिक्सर लागला तरी मी उठून बाहेर जायचो. बायकोनं पुन्हा पाट्यावर चटणी वाटायला सुरुवात केली, का ते मला विचारलं नाही.

असं वर्ष गेलं. मालक मला पॉलिशचं काम देत राहिले. एक दिवस म्हणाले, "हे बघ गड्या, मला तुला काढायचं न्हाई. पण माझा हात आता कापतो. जवारीला मी दुसरा माणूस बघू का?"

"सहा महिने थांबा मालक," मी म्हणालो. "तोवर नाही जमलं तर माझ्याच हातानं दुसऱ्याला शिकवीन."

शिकवायचं तरी कसं, आवाज ऐकल्याशिवाय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पण शब्द देऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं गेलो.

त्यांनी तपासून झाल्यावर मला एक प्रश्न विचारला. "आवाज ऐकला की काय दिसतं?"

ऐकण्याचं बोलताना ते दिसण्याचं का विचारतायत, हे मला कळेना. पण उत्तर तोंडातून निघून गेलं. "कडी दिसते."

त्यांनी मला एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडं पाठवलं. सांगलीत, पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. बाहेर हळदीचा वास यायचा. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. वेड्यांच्या डॉक्टरकडं आपल्याला कुणी बघितलं तर, असं वाटायचं. तिसऱ्या वेळी बसमधून उतरलो आणि कुठं न बघता सरळ आत गेलो.

बाई चाळिशीच्या असतील. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्हाला वेड लागलेलं नाही. एखादी फार भयंकर गोष्ट घडते तेव्हा कधीकधी मेंदू ती नीट लावून ठेवू शकत नाही. मग ती तिथंच अडकून पडते, कच्चीच्या कच्ची. तसाच आवाज आला की ती आठवत नाही, पुन्हा घडते."

"यावर औषध?"

"गोळ्या आहेत, देईनही लागल्या तर. पण एक वेगळी पद्धत मी नुकतीच शिकून आलेय. तुम्ही तो प्रसंग मनात धरायचा आणि त्याच वेळी माझ्या बोटांमागं डोळे फिरवायचे. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. खरं सांगते, आपल्याकडं हे अजून फार कुणी करत नाही. मीही थोड्याच लोकांवर केलंय. त्यांतल्या बऱ्याच जणांना बरं वाटलं. नेमकं कशामुळं होतं, यावर शिकलेल्या लोकांतही वाद आहेत."

"हे संमोहन आहे का?"

"नाही. तुम्ही पूर्ण जागे असणार. हात वर केलात की मी थांबणार."

बोटं हलवून माणूस बरा होतो, यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. पण त्यांनी आपण नवखे असल्याचं लपवलं नाही, ते मला आवडलं. कारागिराला असं बोलणं कळतं. मी म्हणालो, "करा."

लगेच केलं नाही त्यांनी. पहिल्या दोन वेळा नुसतं बोलणं झालं. श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. मन शांत होईल अशी एक जागा ठरवायला लावली. मी कारखान्याचं मागचं अंगण सांगितलं, जिथं भोपळे वाळत घातलेले असतात आणि दुपारी कुणी नसतं. कितीही घाबरलो तरी त्या अंगणात परत येता आलं पाहिजे, तोवर पुढं जायचं नाही, असं त्या म्हणाल्या. मी घरी रोज ते करून बघितलं. बसमध्येही केलं.

तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्ची माझ्या समोर न ठेवता थोडी बाजूला, जवळ ओढली. म्हणाल्या, "सगळ्यात वाईट चित्र कुठलं?"

"कडी. आणि तिच्यावर माझा हात."

"ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? एका वाक्यात सांगा."

मी म्हणालो, "मी दाजींना मारलं."

"त्याऐवजी काय वाटायला हवंय?"

"ते मला माहीत नाही. मला जवारी करायची आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्रास शून्य ते दहा यांत किती, असं विचारलं. मी दहा सांगितलं. अंगात कुठं जाणवतो, तर हाताच्या तळव्यात आणि मानेवर. मग त्यांनी दोन बोटं जोडून माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि हलवायला लागल्या. मान हलवायची नाही, फक्त डोळे. पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडं. मग थांबायचं, श्वास सोडायचा. "आता काय आलं?" मी सांगायचं. त्या म्हणायच्या, "तिथूनच पुढं जाऊ." की परत बोटं.

आधी काहीच आलं नाही. डोळे दुखले, एवढंच. मग आवाज आला. मग देवळातल्या तेलाचा वास. मुलीची वेणी माझ्या तोंडावर आली होती, ते आठवलं. मी रडायला लागलो. बोटं थांबली नाहीत, पण त्या हळू आवाजात म्हणत होत्या, "ते होऊन गेलंय. तुम्ही आत्ता इथं सांगलीत आहात. नुसतं बघा, गाडीच्या खिडकीतून बघतात तसं."

त्या दिवशी आकडा दहाचा आठ झाला. घरी आलो आणि दोन दिवस वाईट गेले. स्वप्नं पडली, जेवण गेलं. बायको म्हणाली, "बरं व्हायला जाताय की आजारी पडायला?" मी म्हणालो, "पुढच्या वेळी कळेल." बाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून टिकलो. पुढच्या आठवड्यात पाऊस होता, बस उशिरा आली, तरी मी पोचलो.

त्या वेळी मधली पोकळी हलली. बोटं फिरत होती आणि मला माझा हात दिसला, कडीवरचाच. पण तो कडी घालत नव्हता. काढत होता.

मी हात वर केला. बाई थांबल्या.

"मी दार उघडलं होतं," मी म्हणालो. "मला वाटतंय मी उघडलं होतं. म्हणजे मी नाही मारलं."

मला वाटलं त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, "असंही असेल. पण एक लक्षात ठेवा. इथं जे दिसतं ते पुरावा नसतं. मनाला जे हवं असतं तेही कधी दिसतं. तिथं आणखी कोण होतं?"

"मुली. त्या लहान होत्या. आणि माझी बहीण."

"मग तिला विचारायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. घाई नाही."

मला घाई होती. शनिवारी रजा काढली आणि साताऱ्याच्या गाडीत बसलो. सबंध वाटेत एकच ठरवत होतो की ती काहीही म्हणाली तरी ऐकून घ्यायचं, आणि विचारल्याशिवाय परतायचं नाही. तिनं दार लावून घेतलं तर पायरीवर बसायचं.

अक्कानं दार उघडलं. वाळली होती. दाजींच्या कंपनीनं तिला पॅकिंग खात्यात घेतलं होतं, तिच्या अंगावर तिथला निळा कोट होता. "ये," एवढंच म्हणाली. चहा टाकला. भाची शाळेत गेली होती. कप खाली ठेवला आणि मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी दार कुणी उघडलं?"

तिनं कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "वर्षभर तू हेच विचारायला येशील म्हणून मी भीत होते."

"म्हणजे?"

"आरं, तूच उघडलंस की. मीच तुला धरून ठिवलं होतं. त्यांनी थापा मारल्या तसा तू कडीला हात घातलास. मी मागनं तुझा सदरा धरला. म्हटलं, उघडू नगं, पोरी हायत. दोनदा म्हटलं. तू मला झटकलंस, उघडलंस आणि त्यांस्नी बगलंत धरून आत ओढलंस. माझा नवरा बाहेर होता आणि मी उघडू नगं म्हणत होते."

तिचा आवाज चढला नाही. ती हे इतक्या वेळा स्वतःला म्हणाली असणार की शब्द गुळगुळीत झाले होते.

"मला वाटलं तू मला कधी तोंड दावणार न्हाईस," ती म्हणाली. "दिवसाला आलास तर मागं बसलास. माझ्याकडं बघितलं न्हाईस."

मी तिला माझं सांगितलं. कडी, थापा, मधली पोकळी आणि मी ती कशानं भरली होती ते. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दवाखान्यात डॉक्टर म्हणलं होतं, टाक्यापाशीच लय चावल्यात. दाराशी येईस्तोवर जे व्हायचं ते झालं होतं. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

कदाचित सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होतो. भाची शाळेतून आली, तिनं आम्हाला असं बसलेलं बघितलं आणि दप्तर न काढताच आईला चिकटून बसली.

परतल्यावर सांगलीला जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता ते चित्र धरलं की स्वतःबद्दल कुठलं वाक्य खरं वाटतं?" मी म्हणालो, "मला जे जमलं ते मी केलं." ते वाक्य आणि ते चित्र एकत्र धरून पुन्हा बोटं फिरली. आणखी तीन वेळा गेलो. आकडा शून्य झाला नाही, एकावर थांबला. बाई म्हणाल्या, "ज्याच्यावर माया होती तो माणूस गेलाय. एवढं राहणारच." शेवटी त्यांनी मला घरी जाऊन मिक्सर लावायला सांगितला. मी लावला. घाम आला, पण पाय जागचे हलले नाहीत.

मालकांकडं मागितलेले सहा महिने भरायला पंधरा दिवस राहिले होते, तेव्हा मी खिडकीजवळ बसलो. मालक समोर बसले. मी घासत गेलो, छेडत गेलो. सूर खुलला. छातीत धडधड झाली, मानेवर काटा आला. मी श्वास सोडला, पाय फरशीवर घट्ट रोवले आणि परत छेडलं. आवाज चालू राहिला आणि मी तिथंच होतो. माझ्या घोडीवरची तार वाजतेय, दुसरं काही नाही, हे मी मनात तीन-चारदा म्हणालो. पाचव्यांदा म्हणायची गरज पडली नाही. मालकांनी पुढं वाकून कान लावला आणि म्हणाले, "जरा जास्त घासलंस. सवय मोडलीय." मी ती घोडी काढली आणि दुसरी घेतली. ती बरी झाली.

पुढच्या महिन्यात मी अक्काला पत्र लिहिलं की तूही एकदा ये. तिचं उत्तर आलं, मला काही नको, मी कामाला जाते, पोरीचं बघते, मला काय झालंय. मी परत लिहिलं. तिसऱ्या पत्राला ती आली, रजा काढून, मुलीला शेजाऱ्यांकडं ठेवून. मी तिला सांगलीला घेऊन गेलो.

ती आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार लावलेलं होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावर हमाल हळदीची पोती उतरवत होते. तास होऊन गेला. अक्का बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं पदर नीट केला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"आज नुसतं बोलणं झालं. बोटं पुढच्या खेपेला म्हणाल्यात." मग म्हणाली, "बाई बऱ्या हायत. मधी मधी बोलत न्हाईत."

"मग येणार का पुढच्या खेपेला?"

"येणार की. सुरू केलंय तर पुरं करायचं," ती म्हणाली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. "तू तेवढी सकाळच्या गाडीची वेळ विचारून ठेव."